सात माणसं, नव्वद लिटर

भिंतीवरच्या पडद्यावर आमचं घर म्हणजे एक काळा ठिपका होता आणि अख्खा वर्ग त्याला हसत होता.

आठवीचा वर्ग. इंग्रजी शाळा. मिसच्या टेबलावर ग्राफिंग कॅल्क्युलेटर, त्याची वायर प्रोजेक्टरला, आणि समोर सगळ्यांच्या घरांचा ग्राफ. आडव्या अक्षावर घरातली माणसं, उभ्या अक्षावर घरात रोज लागणारं पाणी, लिटरमध्ये. बाकी ठिपके वर, एकमेकांना धरून. एकच उजवीकडं खाली पडलेला.

कॅल्क्युलेटर मी चालवत होते. ते मला वर्गात सगळ्यांत चांगलं जमायचं. ट्रेसचं बटण दाबलं की कर्सर एका ठिपक्यावर जाऊन बसतो आणि खाली त्या बिंदूचे निर्देशक येतात. एक्स किती, वाय किती. बाण दाबला की पुढचा ठिपका.

मिसनी आधी सांगितलं होतं, नावं लिहायची नाहीत, कोणाचं घर कोणतं ते कळणार नाही, लाजू नका, खरं ते लिहा. पण कर्सर डावीकडून उजवीकडं सरळ जात नाही. आकडे ज्या क्रमानं भरले, त्या क्रमानं उड्या मारतो. आणि आकडे भरले होते हजेरीच्या क्रमानं. दोन बाणांतच माझ्या हे लक्षात आलं. वर्गाच्याही आलं. पोरं आपापला ठिपका ओळखून हात वर करायला लागली. माझा नंबर जवळ आला तसं माझं बोट थांबलं.

"थांबलीस का? पुढे चल," मिस म्हणाल्या.

मी बाण दाबला. कर्सर वरून थेट तळाला गेला. एक्स सात. वाय नव्वद.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मिस, ये लोग नहाते नहीं क्या?"

मिस हसल्या. हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मग मला म्हणाल्या, "अगं, नव्वद कसं असेल? नीट मोजायचं ना. तुमच्या लोकांचं सगळं असंच. अंदाजपंचे."

अंदाजपंचे.

त्या वर्षी धरणाचा तळ दिसत होता. शहर मात्र वाढतच होतं. बिडकीनकडं कारखान्यांसाठी रानं सपाट होत होती, बायपासच्या पलीकडं टॉवर चढत होते आणि त्यांच्या गेटातून टँकर आत जात होते. आमच्या वस्तीत, निळ्या कमानीच्या आत, नळ कधीतरी यायचा. फुलंब्रीकडच्या गावात विहीर आटली म्हणून आत्या दोन लेकरं घेऊन आमच्याकडं राहायला आली होती. म्हणून आम्ही सात. दूधवाल्याकडून लिटरचं माप मागून आणून मी आठवडाभर प्रत्येक हंडा मोजला होता. बाकीच्यांनी वडिलांना विचारून लिहिलं होतं. पाचशे. सहाशे. आठशे. सगळे गोल आकडे. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं घर तीन माणसांचं, पाणी साडेसातशे. त्या घरी माझी आई भांडी घासायची. त्या साडेसातशेतल्या पाण्यानं आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मुलगी मला वर्गात ओळख दाखवत नसे.

मिसचं बोलणं संपलं नव्हतं. कॅल्क्युलेटर सगळ्या ठिपक्यांमधून एक सरळ रेषा काढतो. माझ्या ठिपक्यामुळं ती रेषा खाली झुकत होती.

"हा पॉइंट काढून टाक. ग्राफ खराब होतोय. प्रदर्शनाला ट्रस्टी येणार आहेत." मग थोड्या गोड आवाजात, "तूच काढ. तुला येतं ना छान."

मी काढला. सात पुसलं, नव्वद पुसलं. ठिपका गेला. रेषा वर सरकली.

वर्गानं टाळ्या वाजवल्या.

घरी आईला सांगितलं नाही. आत्याला सांगितलं. ती तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांसाठी बाजूला काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग? पाणी आपुन चोरलं व्हय? लाज वाटायची तर त्यान्ला वाटू दे, ज्यांचे हौद भरलेत. तुला कशाची गं?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. तोवर नुसती लाजच वाटत होती. शाळेत शिरल्यापासून. डब्याची, बुटांची, आडनावाची.

प्रदर्शनात बोलायला पुढच्या बाकावरची मुलगी होती. मी बाजूला, खाली मान घालून बटणं दाबायला. मिसनी बजावलं होतं, तू बोलायचं नाहीस. ट्रस्टी आले, पालक आले. मुलगी सुंदर इंग्रजीत सांगू लागली की माणसं वाढली की पाणी वाढतं, आणि आमच्या वर्गातल्या प्रत्येक घराला पुरेसं पाणी मिळतं.

प्रत्येक घराला.

मी आकड्यांच्या रकान्यात शेवटी गेले. सात भरले. नव्वद भरले. रेषा नव्यानं काढायला लावली. पडद्यावर ती झुकली आणि तळाला ठिपका उगवला.

ट्रस्टींनी विचारलं, हा खालचा कोणता? मुलगी मिसकडं बघू लागली. मिस म्हणाल्या, "चुकलाय तो, सर. काढायचा राहिला."

मी उभी राहिले.

"चुकला नाही, सर. ते आमचं घर आहे. मी मोजलंय. मिसनी पुसायला लावलं होतं."

ट्रस्टी "अच्छा" म्हणाले, घड्याळ बघितलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं. ऑफिसात खुर्ची रिकामी होती, तिला बस म्हणाले नाहीत. माझी जागा आरटीईची, आठवीपर्यंतच फुकट. नववीला फीची सवलत द्यायची की नाही ते ट्रस्टच्या हातात. प्रिन्सिपल म्हणाले, हिनं मिसची लेखी माफी मागावी, मग बघू. मिस म्हणाल्या, "एवढं केलं हिच्यासाठी. हिला कॅल्क्युलेटर हातात कोणी दिला?"

आईनं हात जोडले. मला म्हणाली, "लिहून टाक गं. शाळा हाय."

कागद पुढं सरकवलेला होता. पेनसुद्धा उघडून ठेवलेलं. मी पेन उचललं नाही. आईचे जोडलेले हात धरले आणि एकमेकांपासून सोडवले. ती माझ्याकडं बघत राहिली, घाबरून.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले. आणि आईला घेऊन बाहेर आले.

नववीला मी त्या शाळेत नव्हते. आई त्या मुलीच्या घरी कामाला नव्हती. कोणी हळहळलं नाही, कोणी शोधत आलं नाही. मी अजूनही कमी बोलते. लोक लाजाळू म्हणतात. म्हणू देत. माझ्याच बोटानं त्यांनी मलाच पुसायला लावलं, हे मी विसरणार नाही, त्यांनाही विसरू देणार नाही. यापुढं माझ्यासमोर कोणी कोणाला पुसायला निघालं, तर त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.