शंका तासाच्या शेवटी

धुरी सरांच्या भूगोलाच्या वहीला एकोणीस वर्षं झाली होती आणि नोकरीलाही तेवढीच. वही खाकी पुठ्ठ्याची, कडा मऊ पडलेल्या. त्यातलं सगळं सरांना तोंडपाठ होतं. ते मालाडच्या त्या शाळेच्या खिडकीतून मार्वे रस्त्याकडे बघत मजकूर सांगायचे आणि नववीची मुलं माना खाली घालून उतरवून घ्यायची. याला शाळेत शिकवणं म्हणत.

गुणाजी धुरी मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, स्वतः पुढे जोगेश्वरीच्या चाळीत अभ्यास करून बी.एड. झालेले. माणूस कष्टाळू, खाडा माहीत नाही. दोन गोष्टींचा त्यांना भारी अभिमान. एक म्हणजे पोर्शन दिवाळीआधी संपलाच पाहिजे. दुसरी, एकदा दिलेला गुण बदलायचा नाही. धुरींचा गुण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं शिक्षकखोलीत म्हटलं जाई आणि सर ते चहाबरोबर चवीने ऐकत.

कोणी हात वर केलाच, तर सरांचं उत्तर तयार असे. "शंका तासाच्या शेवटी." तासाच्या शेवटी घंटा होई. घंटा झाली की सर वही मिटून निघत. एकोणीस वर्षांत त्यांच्या वर्गात कोणाला शंका उरली नव्हती, असं ते स्वतःच सांगत.

एकच पोरगी त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. मनोरीची मथुरा, कोळ्याची. रोज तरीच्या होडीने खाडी ओलांडून शाळेत यायची. नववीत भूगोलात तीन गुणांनी नापास होऊन ती पुन्हा नववीतच बसली होती. प्रश्न होता भरती-ओहोटीच्या वेळांचा, पाच गुणांचा. सरांच्या वहीत वाक्य होतं, 'भरती व ओहोटी दररोज ठरावीक वेळी येतात.' मथुराने लिहिलं होतं, भरती रोज पाऊण तास उशिरा येते, तिथीची पाऊणपट केली की वेळ कळते. सरांनी लाल शाईने भोपळा काढला आणि शेजारी लिहिलं, 'पंचांग नको, भूगोल लिहा.' यंदा ऑगस्टच्या चाचणीत तोच प्रश्न आला. पोरगी हट्टी, तिने तेच उत्तर लिहिलं. सरही हट्टी, त्यांनी तोच भोपळा काढला. तिचा बाप हरेश्वर आता शाळेत निरोप देऊन गेला होता की दिवाळीपर्यंत भूगोल सुटला नाही, तर पोरगी आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसेल.

एवढ्यात शिक्षकदिन आला. दर वर्षी त्या दिवशी हुशार मुलं साड्या नेसून, टाय लावून शिक्षक व्हायची आणि खरे शिक्षक खाली बटाटेवडे खायचे. पण मुख्याध्यापिका देवस्थळी बाई पुण्याहून कसलंसं शिबिर करून आल्या होत्या. त्यांनी फर्मान काढलं की यंदा चिठ्ठ्या टाकून मुलं निवडायची, प्रत्येक शिक्षकाने आपल्याच वर्गात शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायचं, आणि मुलांनी जसं शिकवलं जातं अगदी तसंच शिकवायचं.

"म्हणजे वडे नाहीत?" चित्रकलेच्या काशीराम सरांनी विचारलं.

"वडे मधल्या सुट्टीत," बाई म्हणाल्या.

धुरी सरांच्या तासाची चिठ्ठी मथुराची निघाली.

शेवटचा बाक चौदा वर्षांच्या पोरांसाठी केलेला. सरांचे गुडघे फळीला अडकले, पाठीमागून भिंतीचा खिळा टोचायला लागला. समोर फळ्यावर उजेडाची तिरीप पडली होती, अर्धा फळा दिसत नव्हता. हे आजवर कोणी बोललं का नाही, असं सरांच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की बोलणार कधी?

मथुरा आली. आईची हिरवी साडी, केसांत अबोली. तिने टेबलावर वही ठेवली, मिटलेलीच. खिडकीशी गेली, हात पाठीमागे बांधले आणि मार्वे रस्त्याकडे बघत म्हणाली, "लिहून घ्या. धडा सातवा."

वर्ग खदखदला. सरही हसले. नक्कल झकास होती, खांदा उडवण्यासकट.

तेवढ्यात ती वळली आणि टेबलावर डस्टर आपटून ओरडली, "ए, मासळी बाजार भरलाय का इथे?"

मुलांनी सवयीने माना खाली घातल्या. हे वाक्य सर दिवसातून चारदा म्हणत. समोर मनोरीची, मढची पोरं बसलेली असत, त्यांच्या आया पहाटेपासून बाजारात बसलेल्या असत, आणि सर म्हणत. आज ते मथुराच्या तोंडून ऐकताना सरांचे कान तापले. त्यांना त्या बाकाखाली शिरावंसं वाटलं, पण गुडघे अडकलेले.

"लिहा. भरती व ओहोटी दररोज ठरावीक वेळी येतात."

सरांनी लिहिलं. हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं, पण खाली मान घालून ऐकलं कधीच नव्हतं. हात चालता चालता थबकला. ठरावीक वेळी? मग लहानपणी गावच्या खाडीवर तरीसाठी जाताना आई रोज वेगळी वेळ का सांगायची? "तिथीची पाऊणपट कर, मगेच तरीर जा," असं ती म्हणायची. तिला शाळा ठाऊक नव्हती. पण तरीची वेळ तिची एकदाही चुकली नव्हती.

सरांनी हात वर केला. आपण काय करतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"बाई, शंका आहे."

मथुराने खिडकीबाहेरची नजर हलवली नाही. "शंका तासाच्या शेवटी," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य सांगायला लागली.

हात तसाच वर राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खांदा दुखायला लागला. पुढचं काही डोक्यात शिरेना, कारण डोकं त्या एका वाक्यापाशी अडून बसलं होतं. मग घंटा झाली. मथुराने वही उचलली आणि ती निघून गेली, अगदी सरांसारखी.

मधल्या सुट्टीत सरांनी वडे खाल्ले नाहीत. त्यांनी कपाटातून सरकारी पाठ्यपुस्तक काढलं. वही असल्यामुळे ते कितीतरी वर्षांत उघडलंच नव्हतं. सातव्या धड्यात स्वच्छ छापलं होतं की भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत उतरवताना सरांची ती ओळ गळली होती आणि तिच्या जागी त्यांनी मनाचं वाक्य ठोकून दिलं होतं. एकोणीस तुकड्यांनी ते पाठ करून गुण मिळवले. ज्या एकीला खरं ठाऊक होतं, तिला भोपळा.

ते तडक देवस्थळी बाईंकडे गेले. "मला एक गुण बदलायचाय," ते म्हणाले. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. सगळं ऐकून घेतलं.

"चाचणीचे पाच देऊन टाका, ती पास होईल," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा निकाल मात्र लागून गेला, धुरी. तो आता बदलणे नाही."

व्हरांड्यात मथुरा साडीचा काष्टा सावरत उभी होती. सरांनी तिला सांगितलं. पाचपैकी पाच. तुझं बरोबर होतं.

पोरगी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"आणि माझं गेल्या सालचं, सर?"

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं धडाधडा वर्गात पळाली. एकोणीस वर्षं हीच घंटा सरांना वाचवत आली होती. आज ते जागचे हलले नाहीत.

"ते वर्ष माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी उद्या येतो मनोरीला, तुझ्या बापसाला माझ्या तोंडाने सांगतो. तरीला किती वाजता येऊ? ओहोटीत चिखल तुडवायचं वय नाही माझं."

मथुराने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली, ओठातल्या ओठात पाऊणपट केली.

"सांगते," ती म्हणाली. "लिहून घ्या."

सरांनी खिशातून पेन काढलं.