बांडीचे डोहाळे

धायरीत चार मजली इमारतींच्या मधोमध गोदाबाईंचा गोठा अजून टिकून आहे. फ्लॅटवाल्यांना शेणाचा वास चालत नाही, दूध मात्र तिथलंच लागतं. मी जनावरांची डॉक्टर, मला दोन्ही चालतं.

गाभण गाय आटली, म्हणजे दूध द्यायची थांबली, की ती बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असा गोदाबाईंचा हिशेब. शेवटचे दोन महिने सरकी पेंड, मक्याचा भरडा, वर गूळ. "खाऊ दे की, दोन जिवांची हाय." कमी करा म्हटलं की त्या मान डोलवत आणि माझी पाठ फिरली की आणखी एक पाटी ओतत.

तीन वर्षांपूर्वी त्यांची पहिली गाय व्याल्यावर दहाव्या दिवशी बसली, ती उठलीच नाही. तेव्हा मी इकडे येत नव्हते. शेजारी राहणारी धाकटी जाऊ, रुपाली, त्या गाईला पाहून "केवढी भरलीय!" म्हणाली होती. तेवढ्यावर गोदाबाईंनी नजर लावल्याचा ठपका ठेवला. दोन घरांत भिंत एकच, पण बोलणं बंद झालं.

यंदा त्यांची आताची गाय, बांडी, व्याली आणि नवव्या दिवशी तिनंही पेंडीवरून तोंड फिरवलं. गोदाबाईंनी आधी मीठमिरच्या ओवाळल्या, मग मला फोन केला. हा क्रम आता माझ्या अंगवळणी पडलाय. बांडीच्या श्वासाला नेलपॉलिशसारखा वास येत होता. लघवीत बुडवलेली कीटोन तपासायची पट्टी जांभळी झाली. मी शिरेतून ग्लुकोज लावलं.

"काय झालंय हिला?"

मी सांगितलं, दूध बनवायला गाईला खूप साखर लागते. गूळ घातला तरी तो पोटातले जंतूच फस्त करतात, रक्तातली साखर तिच्या यकृतालाच घडवावी लागते. व्याल्यावर भूक कमी असते, म्हणून अंगावरची चरबी वितळून यकृतात येते. बेताची असली तर ते जाळून टाकतं. फार झाली की पेशींतच साचते आणि यकृताचं काम अडतं.

"एवढी चरबी आली कुठनं?"

खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. पण न सांगता बांडी वाचली असती, तरी पुढच्या वेताला गेलीच असती.

"आटल्यावर तुम्ही घातलेल्या पेंडीतून."

त्या बराच वेळ बांडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "म्हंजी पयली बी त्यानंच?"

"मी तिला पाहिलं नव्हतं. पण तुम्ही सांगता ती लक्षणं हीच."

चौथ्या दिवशी बांडीनं वैरणीला तोंड लावलं आणि दुपारी रवंथ करू लागली. मी शेवटची सुई काढत होते तेव्हा गोदाबाई रुपालीच्या दाराशी गेल्या. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"रुपाली, तुझी नजर न्हवती गं. माझाच हात व्हता."

थोड्या वेळानं रुपाली त्यांच्या मागोमाग आली, पण गोठ्याच्या उंबऱ्यावरच थांबली, मान खाली घालून.

"बघू का तिला?" तिनं विचारलं.

मला गोदाबाईंच्या तोंडाकडे बघवेना.