सतरा नव्वे

सेलूच्या शाळेत माझ्याबरोबर एक गुरुजी होते. निजामी गेली, तरी पाढ्यांची घोकंपट्टी राहिली होती. हे गुरुजी मात्र मुलांपुढे सरकी ओतून गुणाकारासाठी तिचे सारखे ढीग मांडायला लावत. "घाई न्हाई, बगून सांग," म्हणत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्यासमोर एका मुलीला सतरा नव्वे विचारलं. ती थबकली.

"पाढे पाठ नाहीत?" साहेब गुरुजींवर चिडले.

"न्हाईत. पण तिला येतंय. मी खुणावलं असं वाटू नये," म्हणत गुरुजी व्हरांड्यात गेले.

मुलगी हळूहळू म्हणाली, "धा येळा सतरा, एकशे सत्तर. त्यातले सतरा काडले. एकशे त्रेपन्न."

साहेबांनी मान डोलावली.  मी लगेच बाहेर जाऊन गुरुजींना म्हणालो, "तिनं बरोबर सांगितलं."

गुरुजींनी एवढंच विचारलं, "कसं काडलं तिनं?"