पासवर्ड बदलायचा राहिला

तेव्हा मी स्वतःला लई शहाणी समजत होते. कंपनीची तीन ठिकाणं होती: क्रांती चौकातलं ऑफिस, हर्सूलचं गोदाम आणि दौलताबाद रोडचं युनिट. तिन्ही मीच ओएसपीएफ नावाच्या पद्धतीनं जोडली होती. त्यात प्रत्येक राउटर आपल्या लाइनींची खबर शेजाऱ्याला देतो, शेजारी ती पुढं देतो, आणि त्यावरून जो तो आपले रस्ते ठरवतो. नेटवर्कच्या मुख्याची खुर्ची रिकामी होणार होती. ती आपलीच, असं धरून मी केबिनला कोणता पडदा शोभेल तेही ठरवून ठेवलेलं.

महालक्ष्म्यांना मी सुट्टी घेतली. सुट्टीवर जाताना पासवर्ड सोबत्याला देऊन जायची आमच्यात रीतच होती, शेजारणीकडं घराची किल्ली ठेवावी तशी. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच करायचे. माझा सोबती शेजारच्या टेबलावरचा. मला ताई म्हणायचा आणि माझ्या डब्यातला ठेचा माझ्याआधी संपवायचा. परत आल्यावर पासवर्ड बदलायला हवा होता. पण त्याला काय वाटेल, म्हणून या बाईसाहेबांनी बदलला नाही.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, दौलताबाद रोडच्या युनिटचं इंटरनेट गेलं. हर्सूलच्या राउटरवर कुणीतरी सेटिंगची एक ओळ टाकली होती, त्यामुळं तो राउटर सांगत सुटला होता, "बाहेर जायची वाट माझ्याकडं आहे." वाट कुठली, तिथं सगळं बंद. युनिटच्या राउटरनं बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. लॉगमध्ये, म्हणजे कुणाच्या पासवर्डनं काय केलं त्या नोंदीत, नाव माझं.

साहेबांनी मला आणि त्या सोबत्याला बोलावलं.

"मी नाय टाकली ती ओळ," मी म्हणाले आणि त्याच्याकडं पाहिलं.

तो खाली बघत म्हणाला, "घाईत होतं असं, ताई. मान्य करून टाका."

ओळ चुकून पडली की मुद्दाम, मला आजही माहीत नाही. पण हे वाक्य चुकून नव्हतं. पासवर्ड दिला म्हणावं, तर दोघांच्या नोकऱ्या जाणार. माझ्या खुळ्या डोक्यात काय यावं, तर याची लेकरं लहान आहेत. मी मान्य केलं.

खुर्ची त्याला मिळाली. आठवड्यात केबिनमधून फोन आला. "ताई, नवीन गोदाम जोडायचंय. एरिया कोणता देऊ?" एरिया म्हणजे ओएसपीएफमधला राउटरांचा गट, माझ्या कामातलं अगदी पहिलं अक्षर.

हे सांगितलं की माझी नात विचारते, "मग आजी, तू फोन आपटलास ना?"

कसला आपटतेय. अर्धा तास एकेक ओळ सांगत बसले. वर म्हणाले, "आणि सेव्ह करायला विसरू नकोस, बाबा."