चाचांची सही

अख्ख्या मस्कतमध्ये आमच्या चाचांइतका संशयी माणूस सापडायचा नाही, आणि इतका भाबडाही. रुवी भागात ते माझ्या खालच्या मजल्यावर राहत. गाव रत्नागिरीकडचं, नोकरी माझ्याच बँकेत. मी कॉम्प्युटरवर, ते माल तपासायला. आमची बँक इस्लामी, व्याजाचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाईकाला हवी ती वस्तू बँकेने आधी स्वतः विकत घ्यायची, आणि मग नफा धरून हप्त्याने त्याला विकायची. ताब्यात नसलेलं विकलं की व्यवहार बाद. म्हणून चाचा रुसैलच्या गोदामात जात, आणि नुसतं बघून त्यांचं समाधान होईल तर शपथ! गाडी असली तर बॉनेट ठोकणार, फ्रीज असला तर आत डोकं घालणार. आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हा बायको चहा घेऊन उभी आणि हे सोफ्याखाली!

मग ब्लॉकचेन आली. माल गोदामात शिरला की व्यापाऱ्याने नोंद करायची. ती सगळ्यांना दिसणार, कोणालाच पुसता येणार नाही. मी हौसेने समजावलं. चाचा म्हणाले, "पुसता येत नाय, ता बरा. पन खोटा लिवता येता काय?"

एका दुपारी म्हातारा ओमानी कोळी होडीच्या इंजिनासाठी येऊन बसला. मासळीचे दिवस वाया चालले होते. स्क्रीनवर नोंद होती. मॅनेजर म्हणाले, "यल्ला चाचा, साइन करो." म्हाताऱ्याचं तोंड बघून चाचा विरघळले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी न बघता सही केली. पण चैन पडेना. संध्याकाळी रुसैलला गेले, तर इंजिन अजून बंदरातच! व्यापाऱ्याने घाईने नोंद आधीच करून ठेवलेली.

"परसों आ जाएगा," मॅनेजर म्हणाले, "किसको पता चलेगा?"

"मला कळला ना!"

चाचांच्या धाकट्या मुलीच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. नोकरी गेली तर फी कुठून आणणार, म्हणून मी अक्षरशः हात जोडले. ऐकतील तर ते चाचा कसले! व्यवहार धर्माला धरून आहेत की नाही हे बघणाऱ्या बँकेच्या शरिया मंडळापुढे जाऊन सगळं सांगून आले. व्यवहार बाद झाला, इंजिन आल्यावर नव्याने झाला. महिनाभरात बँकेने चाचांना नोकरीवरून काढून गावी पाठवलं. फीसाठी त्यांनी गावची आंब्याची कलमं विकली. जाण्याआधी त्या नोंदीखाली माझ्याकडून एक ओळ घालून घेतली: "माल न बघता सही केली. चूक माझी." आणि नाव.

परवा बँकेत बडे पाहुणे येणार होते. मॅनेजर हळूच म्हणाले, "वो लाइन हटा सकते हो?"

"नहीं सर. किसी से नहीं हटेगी."

हे बोलताना मला असं काही बरं वाटलं, की घरी येताच चाचांना फोन लावला. ते विचारत राहिले, जेवलास काय, पोरं कशी हायत. मी एकेकाचं सांगत बसलो, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.