वर केलेले वायपर

आमच्या कावागुचीच्या बाजारगल्लीत सादाएच्या लाँड्रीत कोट टाकायचा, तर माणूस आधी कोपऱ्यावर उभा राहून खिसे नीट झाडून घेतो. कारण सादाएचा हात कापडाच्या आधी खिशात जातो. नाटकाचं फाटकं तिकीट, सर्दीच्या गोळीचं पाकीट, कुठल्याशा हॉटेलातली काडेपेटी, एवढ्यावर ती समोरच्याचा अख्खा संसार वाचते. "माणूस खोटं बोलतो, खिसा नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. नवरा हयात होता तेव्हा तो बिनखिशाचेच शर्ट शिवून घ्यायचा, असं तो स्वतःच हसत हसत सांगायचा, आणि ती बाजूला उभी राहून, "का बरं? लपवायला काय होतं?" असं विचारायची.

अशा बाईची एकुलती एक लेक मिहो. तिने एका रविवारी तेप्पेई नावाचा मुलगा घरी आणला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी, उंचापुरा, कमी बोलणारा, हसला की डोळे गायब. कुणालाही आवडावा असा. सादाएने चहाबरोबर त्याचा कोट मागून घेतला.

"डाग पडलाय, काढून देते."

डाग नव्हताच. पण खिशातही काही नव्हतं. बसचं तिकीट नाही, चुरगळलेला रुमाल नाही, काही म्हणजे काही नाही. झालं! ज्याच्या खिशात काहीच सापडत नाही, तो किती लपवत असेल!

"गाव कुठलं तुमचं?" तिने विचारलं.

"मी कावासाकीला राहतो, आई."

"राहता ते कळलं. गाव विचारतेय. आणि अजून मी तुमची आई झालेले नाही."

तेप्पेईने मिहोकडे बघितलं, मिहोने चहाकडे. कुठेतरी पाणी मुरतंय, हे सादाएला तिथेच कळलं.

मिहोला वसंतात लग्न करायचं होतं, पण आईच्या होकाराशिवाय नाही. सादाए होकार देईना आणि नकार द्यायला कारण सापडेना. शेवटी मिहो म्हणाली, "आम्ही दोघं स्कीइंगला जातोय, नागानोच्या वरच्या डोंगरात. तूही चल. जवळून बघ त्याला, हवं तेवढं तपास. परत आलो की हो की नाही ते एकदाच सांग. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

आता गंमत अशी, की सादाए बर्फात कधी म्हणजे कधी जात नाही. गल्लीतल्या बायका दर हिवाळ्यात गरम पाण्याच्या कुंडांवर जातात, तेव्हा हिची नेमकी कंबर धरते. "पायाला फळ्या बांधून डोंगरावरून पडायचं?" ती म्हणायची. "त्यापेक्षा माझा जिना काय वाईट आहे? घरबसल्या पडता येतं." पण लेकीचा प्रश्न होता. कंबर मुकाट्याने बरी झाली.

निघायच्या सकाळी तेप्पेई आपली जुनी डबा गाडी घेऊन आला. टपावर स्कीच्या फळ्या बांधलेल्या. सादाए आत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"बर्फाची चाकं घातलीत."

"हो, वर लागतात ना."

"नवी दिसत नाहीत."

"म्हणजे... वापरलीत थोडी."

कावासाकीत वर्षातून एकदा बर्फ पडतो, तोही लाजत लाजत. मग ही चाकं झिजली कुठे? सादाए मागच्या सीटवर बसली आणि त्याच्या मानेवर नजर रोखली ती थेट डोंगर येईपर्यंत.

महामार्ग वर चढू लागला तसा बर्फ सुरू झाला. आधी भुरभुर, मग काचेवर नुसता कापूस. मिहो खिडकीला नाक लावून, "आई, बघ ना!" करत होती. तेप्पेईने एकदाच वर पाहिलं आणि म्हणाला, "हलका आहे. दुपारी वारा पडेल, मग रात्री खरा येईल."

"बातम्यांत सांगितलं वाटतं?" मागून प्रश्न आला.

"नाही, असंच... दिसतंय."

पुढे चाकं तपासायला माणसं उभी होती. साध्या चाकांची शहरी मंडळी रस्त्याकडेला, चाकांना गुंडाळायच्या साखळ्या हातात धरून, एकमेकांवर खेकसत, उकिडवी बसली होती. एका गृहस्थाने साखळी उलटी चढवली होती आणि बायको त्याला सूचनांचं पुस्तक वाचून दाखवत होती. तेप्पेईला मात्र हात दाखवून पुढे सोडलं. चहाच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या मिहो सपशेल आपटली. तेप्पेई मात्र छोटी छोटी, सपाट पावलं टाकत तीन पेले चहा घेऊन आला, एक थेंब न सांडता.

"छान चालता हो बर्फावर," सादाए म्हणाली.

"सवय... म्हणजे, लिफ्टच्या कामात तोल लागतो, आई."

"अजून झालेले नाही म्हटलं ना."

मुक्कामाचं घरगुती हॉटेल उताराच्या पायथ्याशी होतं. जुनं लाकडी घर, छपरावर माणूसभर बर्फ. आधीच आलेल्या एका पाहुण्याने आडोसा मिळेल म्हणून आपली चकचकीत गाडी वळचणीखाली लावली होती. तेप्पेईने आपली मुद्दाम मोकळ्यात नेली. दोन्ही वायपर उचलून उभे केले, सशाच्या कानांसारखे. सादाएने उतरताना पुढच्या सीटमधून वाकून बघितलं. हँडब्रेक ओढलेला नव्हता. तिचे ओठ सुई ओवताना होतात तसे झाले.

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. सगळे त्यांना किनुसान म्हणत. सादाएच्याच वयाच्या, गाल थंडीने लाल. वाकून नमस्कार केला तो जरा जास्तच खाली, आणि वर येताना सादाएला केसांपासून पायांपर्यंत न्याहाळलं. असं न्याहाळणारं माणूस सादाएला स्वतःखेरीज ठाऊक नव्हतं. ती चपापली. बूट एकमेकांवर आपटले, दाराआड हात घालून छोटा झाडू काढला, बर्फ झाडला आणि वर आली. मिहो तशीच आत शिरली आणि तिच्या मागे फरशीवर पाण्याचं तळं झालं.

"पाहुण्यांनी इकडून यावं," किनुसान म्हणाल्या. "वरची तुळई खाली आहे, सगळ्यांनाच लागते."

मिहो तिथेही कपाळ धरून खाली बसली. सादाए बुटकी, तिचा प्रश्न नव्हता. पण तेप्पेई! सामान दोन्ही हातांत, मान मागे वळवून मिहोला "लागलं का?" विचारतोय, आणि न बघता बरोबर तुळईखाली वाकला. न बघता!

सादाएच्या डोक्यात चक्रं सुरू झाली. झिजलेली चाकं, बर्फावरची चाल, आणि आता तुळई. माणूस इथे येतो. एकदा नाही, दर हिवाळ्यात येतो. एकटं कोण येतं डोंगरात? कुणीतरी बाई आहे.

जेवणात खात्रीच पटली. प्रत्येकाच्या पुढ्यात वाफवलेल्या अंड्याची झाकलेली वाटी आली. सादाएच्या वाटीत मशरूमचा मोठा तुकडा, मिहोच्याही. तेप्पेईच्या वाटीत मशरूम नाही, उलट कोलंबी दोन.

"तुम्हाला मशरूम नाही दिलं?"

"मला आवडत नाही, आई."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

तेप्पेईच्या तोंडात गरम घास होता. तो तसाच गिळला बिचाऱ्याने. किनुसान भाताचं भांडं उचलून लगबगीने आत गेल्या.

जेवणानंतर मायलेकी गरम पाण्याच्या हौदात बसल्या होत्या. सादाए डोक्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून म्हणाली, "मिहो, माणूस चांगला दिसला की बघणाऱ्याने डोळे मोठे करावेत. तो इथे आधी आलाय."

"असेल आला. स्कीइंगला."

"कुणाबरोबर?"

मिहो नाकापर्यंत पाण्यात बुडाली. लहानपणी फुलदाणी फोडली होती तेव्हाही ती अशीच बुडाली होती, हे सादाएला आठवलं. म्हणजे लेकीलाही ठाऊक आहे? ठाऊक असून लग्न करतेय? मग मात्र वाफेतही सादाएला थंडी वाजली.

रात्रभर बर्फ आला, अगदी तेप्पेईने सांगितला तसा. सकाळी "धप्प" असा आवाज झाला आणि छपरावरचा ढिगारा वळचणीखालच्या त्या चकचकीत गाडीवर उतरला. पाहुणे पायजम्यावर धावत आले. मोकळ्यातली तेप्पेईची गाडी नुसती पांढरी उशी झाली होती, वर दोन कान. तो काच साफ करत होता. किनुसानच्या घरचं लोखंडी सूप, हो, सुपासारखंच असतं ते, दोन्ही हातांनी ढकलून बर्फ हलवायचं, ते घेऊन मिहो बाजूला खेळल्यासारखं करत होती.

सादाए कोट न घालताच बाहेर आली.

"तेप्पेईसान, कोण आहे ती?"

"कोण ती, आई?"

"जिच्याबरोबर तुम्ही दर हिवाळ्यात इथे येता ती! मला शेंडी लावू नका. चाकं झिजलेली. तुळई डोळे मिटून ठाऊक. मशरूम खात नाही हे मालकिणीला पाठ. बरं, तेही सोडा. काल गाडी वळचणीखाली लावली नाहीत, छपरावरचा बर्फ उतरतो म्हणून. वायपर उभे केलेत, रात्रीत काचेला चिकटतात म्हणून. हँडब्रेक ओढला नाहीत, गोठला की सकाळी सुटत नाही म्हणून! कावासाकीच्या माणसाला हे सुचतं होय? हे दोन-चार सहलींत अंगात मुरत नाही. त्याला बर्फातच जन्म..."

आणि ती थांबली.

मिहो सूप हातात धरून तशीच उभी. "आई," ती हळूच म्हणाली, "तुला कसं माहीत?"

सादाए आजवर सगळ्यांना सांगत आली होती, की ती कावागुचीतच जन्मली, कावागुचीतच वाढली. ती छपराकडे बघू लागली. छपराला काय उत्तर ठाऊक असणार!

"मी कालच म्हटलं याला," दारातून किनुसान बोलल्या. हातात चहाचा ट्रे. "आमच्याकडे शहरचं माणूस आलं की बूट भिजवत आत येतं, फार तर झाडू कुठे आहे विचारतं. या बाईंनी विचारलं नाही. हात थेट दाराआड. म्हटलं, तेप्पेई, चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तुझं बिंग उद्यापर्यंत टिकत नाही."

"याला म्हणजे?"

"माझा मुलगा हो. थोरला. मला बजावलं होतं, आई, ओळख दाखवू नकोस. मी दाखवली नाही. पण वाटी भरताना हात कुठे विचारतो? लहानपणापासून मशरूम काढूनच देतेय."

"तरीच दोन कोलंब्या!" सादाएच्या तोंडून निघालं. कुणीतरी बाई आहे हा तिचा संशय खराच ठरला होता म्हणायचा, फक्त बाई साठीच्या पुढची निघाली.

"त्याची चूक नाही," मिहो म्हणाली. "मीच सांगितलं गाव लपवायला. टीव्हीवर बर्फ दिसला तरी तू चॅनेल बदलतेस. म्हटलं, आधी तुला माणूस आवडू दे." मग तिने मोठा श्वास घेतला. "आणि अजून एक. त्याच्या बाबांच्या पाठीचं दुखणं वाढलंय. लग्न झालं की आम्ही इथेच राहायला यायचं म्हणतोय. हे घर चालवायला."

खरी गोष्ट ती ही. स्वयंपाकघराच्या दारात पाठ धरून उभा असलेला म्हातारा गृहस्थ सादाएला आत्ता दिसला. त्याने घाईघाईने नमस्कार केला आणि कळवळला.

"आमचं गाव अकिताच्या डोंगरात," सादाए कुणाकडेच न बघता बोलू लागली. "वडील हिवाळाभर शहरात बांधकामावर. आई छपरावर. सकाळी उतरवलेला बर्फ दुपारी पुन्हा तेवढाच. माझ्या आईचे हात मी हिवाळ्यात कधी गरम बघितले नाहीत. मी पळाले तिथून. वाफेच्या इस्त्रीचं काम मिळालं, तेव्हा पहिल्या दिवशी रडले, इतकं ऊबदार होतं ते. ठरवलं होतं, मुलगी झाली तर तिच्या हातात फावडं येणार नाही."

"आता मशीन आहे," किनुसान हळू म्हणाल्या. "छपरावर चढावं लागतं, नाही म्हणणार नाही. पण एकटीला नाही चढवत आम्ही. खोटं कशाला सांगू? काल खोटं बोलून बघितलं, जमलं नाही."

मिहो डोळे पुसत वळली आणि काहीतरी करायचं म्हणून ते सूप बर्फात खुपसलं. अख्खा ढीग घेतला, हातांनी रेटला, सूप जागचं हललं नाही, ती मात्र घसरून गुडघ्यावर आली. पुन्हा उठली. पुन्हा तसंच.

सादाएने एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघवेना.

"अगं हातांनी काय ढकलतेस! दुपारपर्यंत खांदे निखळतील. सर बाजूला!" तिने सूप ओढून घेतलं. "आधी कडेने काप. थोडं घे. दांडा इथे, पोटापाशी. आता कंबरेने दे धक्का... असं." बर्फाचा चौकोनी ठोकळा सुळकन पुढे गेला, जसा काही तो तिचीच वाट बघत होता. धरणारी कंबर कुठच्या कुठे गेली होती. "दुपारनंतरचा बर्फ ओला असतो, जड. त्याचा मोह धरायचा नाही. घे, तू कर."

मिहोने केलं. वाकडं गेलं, पण गेलं.

"पुन्हा," सादाए म्हणाली.

किनुसाननी मुकाट्याने आपले लोकरीचे हातमोजे काढून तिच्यापुढे धरले. सादाएने ते घेतले. आधी उलटे करून आतून बघितले, सवयच ती, आणि मग घातले.

"आई," तेप्पेई चाचरत पुढे आला. "म्हणजे... हो समजू का?"

सादाएने त्याच्याकडे रोखून पाहिलं. या वेळी ती "अजून झालेले नाही" म्हणाली नाही.

"तू आधी त्या पाहुण्यांची गाडी उकर, ते पायजम्यात गारठतायत," ती म्हणाली. "आणि परत गेल्यावर तुझा तो कोट माझ्याकडे आणून टाक. आतल्या बाजूचा खिसा बघायचा राहिलाय माझा."