मोहाच्या झाडाखालचा ट्रक

आमच्या गावात ही गोष्ट हसायला म्हणून सांगतात. लग्नात, तेराव्याला, भात कापताना, कुठेही. चार माणसं बसली की एकजण म्हणतो, "तो ट्रकवाला कसा घाबरला होता, सांग ना." आणि सगळ्यात रंगवून सांगतो तो माझा नवरा. मी तिथेच भाकरी वाढत असते. मी काही बोलत नाही. पण ती गोष्ट तशी नाही, म्हणून मी माझ्यापुरती लिहून ठेवते.

कुरखेड्याहून येणाऱ्या रस्त्याला लागून एक मोहाचं झाड आहे. ते माझं आहे. सातबारावर नाही, पण गावात कुणाचं झाड कोणतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सासूनं ते झाड वेचलं, तिच्यानंतर मी वेचते. फुलं पडायच्या आधी मी दोन दिवस खालचा पालापाचोळा झाडून काढते. काही जण आग लावतात, मी लावत नाही, खराट्यानं झाडते. मग ती जागा अंगणासारखी होते. पहाटे फुलं पडतात, ती त्या स्वच्छ मातीवर पिवळी दिसतात. पंधरा-वीस दिवस हा खेळ, मग संपलं. मुलीची शाळेची सायकल याच फुलांच्या पैशातून आली. घरात बाकी सगळं नवऱ्याला विचारून होतं. ही फुलं तेवढी माझ्या हातानं घरात येतात आणि माझ्या हातानं जातात.

त्या वर्षी फुलं नुकतीच सुरू झाली होती. पहाटे पाटी आणि खराटा घेऊन गेले तर झाडाखाली ट्रक. वडशाहून तांदूळ भरून निघालेला, रायपूरकडे जाणारा. ड्रायव्हर पगडीवाला, खाली उभा राहून दात घासत होता. बाजूलाच चहाची टपरी आहे. त्यानं माझ्या हातातला खराटा पाहिला आणि हसून म्हणाला, "बहनजी, जगह बहुत साफ रखी है. जरा टायर के पास भी मार दो."

त्याला वाटलं, ही पार्किंगची जागा आहे आणि टपरीवाल्यानं मला झाडायला ठेवलं आहे.

परक्या माणसाशी माझं तोंडच उघडत नाही. पदर पुढे ओढला आणि टायरांच्या मधून जी चार फुलं मिळाली ती वेचली. बाकीची ट्रकवर, ताडपत्रीवर पडली होती. ती घेऊन तो निघून गेला. जिथे ट्रक उभा होता तिथे काळं तेल गळलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो खो खो हसला. "टायरजवळ बी झाडून दे म्हणाला? बिचारा बाहेरचा माणूस, त्याले काय मालूम!"

टपरीवाल्याकडे गेले. तो दूरच्या नात्यातला, मला वहिनी म्हणतो.

"ट्रक नका लावू देऊ, भाऊ," मी एवढंच म्हटलं.

"वहिनी, झाडाले धक्का लागला का? नाई ना? मंग? दोन गिऱ्हाईकं बसतात बिचारे."

त्यानंतर रोज ट्रक. त्या पगडीवाल्यानं पुढच्याला सांगितलं असेल, त्यानं आणखी पुढच्याला. सावली आहे, चहा आहे, झाडलेली जागा आहे. कोणाची ती जागा, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. आणि आमचे लोक मला म्हणत, "तुमची फुलं फुकटात रायपूर फिरून राह्यली, वहिनी!"

मी घरी येऊन चुलीत लाकडं कोंबायची. दुसरं काय करणार होते.

पाचव्या दिवशी मी ठरवलं, खाली मिळत नाहीत तर वर जायचं. अजून उजाडलं नव्हतं. ट्रकच्या मागचा दोर धरून, पाटी कमरेला बांधून, अनवाणी वर चढले. ताडपत्रीच्या खळग्यांत फुलंच फुलं. गुडघ्यांवर सरकत वेचू लागले.

आता खाली केबिनमध्ये त्या दिवशीचा जो ड्रायव्हर झोपला होता, त्याला टपरीवाल्यानं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं की मोह खायला अस्वल येतं, दार लावून झोप. अस्वल येतं हे खरंच आहे. त्यानं डोक्यावर काहीतरी सरकताना ऐकलं आणि ओरडला, "भालू! भालू!" आणि हॉर्न दाबला तो सोडेचना.

मी एक शब्द बोलले असते तर तिथेच मिटलं असतं. पण सगळं गाव धावत येणार, मी ट्रकवर गुडघ्यांवर, पदर सुटलेला. लाजेनं माझा आवाजच निघेना. त्याला वाटलं अस्वल बसलंच आहे, त्याला पाडायला त्यानं ट्रक चालू करून जोरात हाणला. पाटी उडाली. मी पालथी पडून दोर धरला. फांदी पाठीवरून घासत गेली. टपरीपुढे येऊन त्यानं ब्रेक दाबला, तेव्हा माणसं काठ्या घेऊन उभी होती. कुणीतरी बॅटरी मारली. उजेड माझ्या तोंडावर पडला.

मग जे हसू फुटलं! टपरीवाला पोट धरून खाली बसला. ड्रायव्हर उतरला, हात जोडून "माफ करना बहनजी" म्हणाला आणि तोही हसू लागला. माझा नवरा काठी टेकून हसत होता. "उतर खाली, अस्वलीणबाई!"

गोष्ट ते इथेच संपवतात.

मी उतरले. कुठून आवाज आला मला माहीत नाही.

"हसता काऊन? मी पडून मेली असती तरी हसले असते का? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, ट्रक नका लावू देऊ; झाड माझं हाय, फुलं माझी हायेत. एकानं तरी आयकलं का?"

एक म्हातारा मागे अजून हसतच होता. ड्रायव्हर मात्र दोर धरून वर गेला, ताडपत्री झटकली आणि उरलेली फुलं एका पोत्यात घालून माझ्या पायाशी ठेवली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्यावर माझा राग नव्हताच एवढा.

घरी जाऊन फावडं आणलं. झाडाखाली जिथे जिथे तेल मुरलं होतं, ती माती खरवडली. पाटी भरली, डोक्यावर घेतली, टपरीच्या बाकड्यापुढे नेऊन ओतली.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या?"

"तुमची पार्किंग आणून देऊन राह्यली, भाऊ."

परत गेले, दुसरी भरली, मग तिसरी. गिऱ्हाईकं चहाचे कप घेऊन उठली आणि बाजूला सरकली. आता कोणी हसत नव्हतं. चौथ्या पाटीला नवरा झाडाखाली आला आणि पाटीला हात घालू लागला. "दे, मी नेतो."

पाटी जड होती. मी दिली नाही.